दहा सेकंदांची पट्टी

कॅज्युअल्टीत नव्याने रुजू झालेल्या सिस्टरला ईसीजी काढायला एका दुपारात शिकवतात. चिमटे कुठे, छातीवर चिकटणारे बल्ब कुठे, जेली किती, बटण कोणतं. वाचायला मात्र कुणी शिकवत नाही, कारण वाचणं हे डॉक्टरांचं काम असं धरलेलं असतं. मी कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात काम करते. रात्री आमच्या कॅज्युअल्टीला एकच डॉक्टर, आणि तो कधी लेबर रूममध्ये अडकलेला, कधी हायवेवरच्या अपघाताचे टाके घालत बसलेला. मशीनमधून पट्टी बाहेर येते तेव्हा ती सगळ्यात आधी माझ्या हातात येते. हातातली सुई ठेवायला लावून डॉक्टरांना बोलवावं असं तिच्यात काही आहे, की टाके पुरे होईपर्यंत थांबलं तरी चालेल, हे मला कळायलाच हवं होतं. म्हणून शिकायला घेतलं.

शिकवलं आमच्या तेव्हाच्या मेडिकल ऑफिसर मॅडमनी. हल्लीच्या मशीन पट्टीच्या वरच्या कडेला स्वतःचं निदान इंग्रजीत छापून देतात. मॅडम पट्टी हातात घेतली की पहिल्यांदा ती कड मागे दुमडायच्या. “हे मशीनचं मत झालं, सिस्टर. आधी तुमचं काय ते सांगा.” आणि उरलेल्या पट्टीवरही त्या सगळं एकदम बघू द्यायच्या नाहीत. आधी ताल. ठोके नियमित आहेत का, वेग किती, प्रत्येक मोठ्या टोकाआधी छोटा पी, म्हणजे पी नावाची लाट, आहे का, पी आणि टोकातलं अंतर सगळीकडे सारखं आहे का, टोक अरुंद आहे की रुंद. हे सगळं तोंडाने म्हणून झालं की मगच एसटी, म्हणजे टोकानंतरचा रेषेचा तुकडा, कुठे उचललाय का, खाली गेलाय का, ते बघायचं. डोळा आपोआप पट्टीतल्या सगळ्यात ठळक गोष्टीकडे धावतो आणि तिथेच थांबतो. ती सवय मोडायला मला बराच काळ लागला, आणि आजही मी क्रम सोडत नाही.

कागदाचं गणित सोपं आहे. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते. म्हणजे एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, पाच छोट्यांचा एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन टोकांमध्ये किती मोठे चौकोन ते मोजायचे आणि ३०० ला त्याने भागायचं. तीन चौकोन असले तर मिनिटाला १०० ठोके, पाच असले तर ६०. ताल अनियमित असेल तर हा हिशेब चालत नाही. मग दहा सेकंदांच्या लांब पट्टीवरची सगळी टोकं मोजायची आणि सहाने गुणायचं. टोकाची रुंदी तीन छोट्या चौकोनांच्या आत हवी. पीपासून टोकापर्यंतचं अंतर तीन ते पाच छोटे चौकोन. नाईटला काम हलकं असेल तेव्हा मी जुन्या केसपेपरांना लावलेल्या पट्ट्या काढून बसायचे आणि मोजत राहायचे. संख्या पाठ होतात. शिकायला वेळ लागतो तो वेगळ्या गोष्टीला. ही पट्टी त्या माणसाच्या फक्त दहा सेकंदांची असते. त्याआधी काय झालं आणि पुढे काय होणार, हे कागदावर नसतं. ते विचारून काढावं लागतं, आणि काय विचारायचं ते मात्र पट्टीच सुचवते.

वाचण्याआधी काढणं आलं. लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. छातीवर सहा बल्ब, व्ही-वन ते व्ही-सिक्स. त्यांची जागा अंदाजाने ठरवायची नसते, बोटाने चाचपून ठरवायची असते. गळ्याच्या खळगीतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली आणलं की एक उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून फटी मोजत उतरायचं. चौथ्या फटीत हाडाच्या उजवीकडे व्ही-वन, डावीकडे व्ही-टू. व्ही-फोर पाचव्या फटीत, गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून सरळ खाली. व्ही-थ्री हा व्ही-टू आणि व्ही-फोरच्या मध्ये, बाकीचे दोन व्ही-फोरच्याच पातळीवर काखेकडे. पहिले दोन एकेक फट वर लागले तर माणसाला नसलेला आजार पट्टीवर दिसू शकतो. दोन हातांचे चिमटे अदलाबदल झाले तर लीड वन (हृदयाकडे एकेका कोनातून बघणाऱ्या पट्टीवरच्या रेषांना लीड म्हणतात) उलटी येते आणि नेहमी उलटी असणारी एव्हीआर सुलटी. थंडीने कुडकुडणाऱ्या किंवा कंपवाताच्या माणसाची पट्टी अशी थरथरते की ताल बिघडलाय असंच वाटावं. अशा वेळी मी आधी पांघरूण घालते, हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगते आणि पुन्हा काढते.

बायकांच्या ईसीजीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. छातीत दुखणारा पुरुष आला की वॉर्डातले मावशी-मामा मिळून अर्ध्या मिनिटात त्याचा शर्ट काढतात. बाई आली की पडदा शोधण्यापासून सुरुवात. सोबतचे पुरुष बाहेर जायला वेळ लावतात, आजी पदर घट्ट धरून ठेवतात, आणि मग संकोचाने बल्ब जिथे कपडा सरकेल तिथे लागतात, जिथे लागायला हवेत तिथे नाहीत. छातीत दुखणाऱ्या माणसाची पहिली पट्टी दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत निघावी हा जगभरचा नियम आहे. त्या दहातली चार-पाच मिनिटं बाईच्या बाबतीत पदरातच जातात. आता ईसीजीच्या कोपऱ्यात पडदा कायमचा ओढलेला असतो आणि एक धुतलेली चादर घडी करून ठेवलेली असते. “आजी, मी बाईच आहे. ही चादर तुमच्या अंगावरच राहणार, मी खालून हात घालून लावते.” एवढं म्हटलं की पदर सुटतो.

पन्नाशी उलटलेल्या एक काकू संध्याकाळी नवऱ्यासोबत आल्या होत्या. तक्रार एवढीच, की दुपारपासून पोटाच्या वर जळजळतंय, ढेकर येत नाही, जीव घाबरा होतो. दहा वर्षांची शुगर. नवऱ्याचं म्हणणं, गॅस झालाय, एक इंजेक्शन द्या, शेवटची गाडी पकडायची आहे. पहिल्या पट्टीत ठसठशीत काही नव्हतं. ताल नियमित, वेग ५८, टोकं अरुंद. फक्त एव्हीएलमध्ये टी लाट, म्हणजे टोकामागून येणारी लाट, उलटी होऊन एसटी जरासा खाली उतरलेला. एव्हीएल ही लीड कुणी फार मनावर घेत नाही. मॅडमनी मला ती मनावर घ्यायला शिकवलं होतं, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका यायला लागला की त्याची उलटी सावली कधी कधी सगळ्यात आधी तिथे पडते. मी काकूंचा हात धरला. गार होता, आणि मानेवर घाम होता. फेब्रुवारीतली संध्याकाळ, वर पंखा चालू.

पंधरा मिनिटांनी, चिमटे न काढता, दुसरी पट्टी काढली. लीड टू, थ्री आणि एव्हीएफ तिन्हीत एसटी उचललेला होता, थ्रीमध्ये टूपेक्षा जास्त. मॅडम म्हणाल्या, उजव्या बाजूची काढा. व्ही-फोरचा बल्ब छातीच्या उजवीकडे त्याच फटीत लावून पुन्हा काढायची, बस एवढंच असतं ते. तिथेही उचललेला. म्हणजे हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला होता. अशा माणसाला जिभेखालची गोळी दिली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि छातीत दुखतंय म्हटलं की हात सवयीने त्याच गोळीकडे जातो. काकूंचा वरचा दाब तेव्हाच ९० होता. गोळी बाजूला ठेवली, सलाईन सुरू केलं, आणि तीनही पट्ट्या टेबलावर सपाट पसरून फोटो काढून व्हॉट्सॲपवर कार्डिऑलॉजिस्टना पाठवल्या. काही मिनिटांत फोन आला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आमच्याच कॅज्युअल्टीत गेलं. मग १०८ ने पुढे. नवरा पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “पण छातीत तर दुखतच नव्हतं ना तिच्या?” मधुमेहाच्या पेशंटला, विशेषतः बायकांना, छातीत न दुखताही झटका येतो हे मी त्यांना ॲम्ब्युलन्सच्या दारात सांगितलं. ते आधी कुणीतरी गावातल्या शिबिरात सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

पट्टी लांब पाठवायची ही कल्पना काही आजची नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाची वीज नीट टिपणारं यंत्र बनवलं. पी, क्यू, आर, एस, टी ही लाटांची नावं त्यांनीच रूढ केली. यंत्राचं वजन २७० किलोच्या आसपास होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागायची. पेशंटने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. असलं यंत्र इस्पितळात नेणार कसं? म्हणून १९०५ साली त्यांनी इस्पितळातल्या पेशंटच्या हृदयाचे संकेतच टेलिफोनच्या तारेवरून दीडेक किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणले. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. पावसाळ्यात रेंज जाते तेव्हा मोबाइल हातात धरून मी इमारतीच्या मागच्या पायरीवर उभी असते, त्या वेळी मला त्या तारेची फार आठवण होते. अंतर कापायची गरज या शोधाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे. लायडनला ते दीड किलोमीटर होतं, आमच्याकडे घाट आहे.

काही पट्ट्या मात्र आनंद देतात. कॉलेजातली मुलगी, छातीत धडधड, वेग १९०, टोकं अरुंद आणि अगदी नियमित, पी कुठे दिसत नाही. हा एसव्हीटी. वरच्या कप्प्याच्या आसपास विजेने गोल फेरा धरलेला असतो, तो तोडायचा असतो. पूर्वी नुसतं जोर लावायला सांगायचे. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला. त्यात नेहमीच्या पद्धतीने शंभरातले १७ जण तालावर आले, तर जोर लावून झाल्यावर लगेच आडवं करून पाय वर उचलले तेव्हा ४३. खर्च शून्य. दहा मिलीची रिकामी सिरिंज तोंडाला लावायची आणि दट्ट्या हलेल एवढ्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, मग झटकन पाठीवर झोपवून पाय उचलून धरायचे. त्या मुलीचे पाय आमच्या वॉर्डातल्या मामांनी धरले होते. मॉनिटरवर धावणारी टोकं एकदम थांबली, एक ठोका चुकला, आणि मग पी, टोक, टी, पी, टोक, टी. वेग ८८. मुलगी म्हणाली, “गेलं.” तिला आमच्याआधी कळलं होतं.

डायलिसिस चुकलेल्या माणसाची पट्टीही मला लांबून ओळखता येते. टी लाटा तंबूसारख्या उंच आणि टोकदार होतात, पी पसरट होत नाहीसा होतो, टोकं रुंदावत जातात. रक्तातलं पोटॅशियम वाढल्याची ही खूण. मशीन अशा वेळी उंच टी लाटांनाही ठोके समजून दुप्पट वेग छापते, आणि मॅडम ती कड का दुमडायच्या ते तेव्हा पटतं. लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर मनगटाजवळचा किंवा कोपराजवळचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली शीर, चाचपायचा आणि विचारायचं, शेवटचं डायलिसिस कधी झालं? उत्तर बहुतेक वेळा सारखंच असतं. लग्न होतं. गाडी मिळाली नाही. सेंटरचं मशीन बंद होतं. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू सोडताना डोळ्यांसमोर टोकं पुन्हा अरुंद होत येतात. पोटॅशियम तेवढंच असतं, हृदयाला फक्त थोडी उसंत मिळते, आणि त्या उसंतीत पेशंटला डायलिसिसपर्यंत पोचवायचं असतं.

सगळ्यात अवघड प्रश्न विचारायला लावणारी पट्टी बिट्टीची. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. कोकणात काय, अवघ्या महाराष्ट्रात ती कुंपणाला असते, देवळाच्या आवारात असते. विषारी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. विशीतला एक मुलगा उलट्यांसाठी आणला होता. बाहेरचं खाल्लं, असं घरचे सांगत होते. पाच-सहा जण एकाच वेळी तेच सांगत होते. नाडी हाताला चाळिशीत लागली. उलट्यांनी पाणी कमी झालेल्या माणसाची नाडी धावायला हवी. पट्टी काढली तर पी आपल्या वेगाने चाललेत आणि टोकं त्यांच्या मागे येतच नाहीत, कधी तिसऱ्या पीनंतर एखादं. एवढ्या वयात, धडधाकट शरीरात, वरच्या कप्प्याची वीज खाली न पोचण्याचा हा ब्लॉक अचानक येत नाही.

सगळ्यांसमोर विचारलं असतं तर उत्तर मिळालं नसतं. मी त्याच्या आईला ड्रेसिंग रूममध्ये नेलं, दार लोटलं आणि म्हटलं, “मावशी, त्याने काय घेतलंय ते मला नाव सांगा. मी ओरडणार नाही.” त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “बिट्टी.” आणि लगेच, “पोलीस नेतील का ओ त्याला?” या भीतीपायी घरची माणसं तासन्‌तास गप्प राहतात. नोंद करावी लागते, पोलीस येऊन विचारतात, हे खरं आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी, असं सांगितलंय. हे मी त्यांना जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. ॲट्रोपिनने वेग थोडा वर आला. या विषावर काम करणारी अँटिबॉडी आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे तात्पुरता पेसमेकर बसवता येईल अशा ठिकाणी त्याला हलवलं. मुलगा वाचला. आता तो मानसोपचार विभागाच्या ओपीडीला येतो, कधी कॅज्युअल्टीच्या दारातून हात करतो.

आमच्या भागात विंचवाचंही असंच. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी बसून जे बघितलं आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने जे जीव वाचवले, त्याची सावली आमच्या प्रत्येक कॅज्युअल्टीवर आहे. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे मावशींनी पेढे वाटले होते. विंचू चावलेल्या पोराची पट्टी वेगाने धावते, कधी झटक्यासारखी बिघडलेलीही दिसते. पण तिच्याआधी मी पाऊल हातात घेते. दंशाची जागा ठणकत असेल आणि हातपाय गरम असतील तर जरा निर्धास्त. दुखणं कमी, पण हातपाय गार आणि अंग घामाने चिंब, तर ती गोळी लगेच, पट्टी नंतर.

आणि सरळ रेष. सिनेमात सरळ रेष आली की शॉक देतात आणि माणूस उठून बसतो. खरं तर सरळ रेषेला शॉकचा उपयोग नसतो. शॉक लागतो तो हृदय वेड्यावाकड्या विजेने नुसतं थरथरत असतं तेव्हा, किंवा रुंद टोकं धावत असतात आणि नाडी लागत नाही तेव्हा. सरळ रेषेत छाती दाबत राहायची, ॲड्रिनलिन द्यायचं, आणि एखादी वायर तर सुटली नाही ना तेही बघून घ्यायचं. पण नातेवाइकांच्या दृष्टीने सगळ्यात क्रूर पट्टी ही नव्हे. मॉनिटरवर व्यवस्थित टोकं चालू असतात आणि मानेवर बोट ठेवलं तर नाडी नसते, ती त्याहून क्रूर. वीज आहे, हृदय आकुंचन पावत नाही. आम्ही प्रयत्न थांबवल्यानंतरही ती टोकं कधी कधी काही मिनिटं, रुंद होत होत, येत राहतात. एक मुलगा माझा दंड धरून म्हणाला होता, “ताई, चालू आहे की अजून. बघा ना.”

मॉनिटर पटकन बंद करून टाकायचा असं काही जण करतात. मला ते पटत नाही. आम्ही त्यांच्यापासून काहीतरी लपवलं असं त्या माणसाला आयुष्यभर वाटत राहतं. मी त्याची बोटं धरून वडिलांच्या मानेवर ठेवली, नंतर स्वतःच्या मानेवर ठेवायला सांगितली. रेष काय दाखवते आणि काय दाखवत नाही ते सांगितलं. रेष थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला, मीही राहिले. मग शेवटची पट्टी काढली, वेळ लिहिली, केसपेपरला लावली.

आता मी नव्या सिस्टरांना शिकवते. फोटो पाठवताना पट्टी सपाट ठेवा, ट्यूबलाइटची चमक येऊ देऊ नका. वर वय, वेळ, दुखणं कधी सुरू झालं आणि शुगर-बीपी आहे का ते पेनाने लिहा, कारण घाटापलीकडच्या डॉक्टरला पेशंट दिसत नसतो. आणि जुनी पट्टी आहे का, हे प्रत्येकाला विचारा. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापला जातो, कपाटात ठेवला तरी काही वर्षांत पुसट होतो. पिशवीत नुसता गुलाबी चौकटींचा कोरा कागद घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

मागच्या पावसाळ्यात सत्तरीचे एक आजोबा आले. शेतात पाय घसरून बांधावर आपटले होते, छाती दुखत होती. पट्टीत टोकं रुंद, हृदयाच्या डाव्या बाजूच्या वीजवाटेचा ब्लॉक. तो नवा असता तर झटक्याचा संशय धरून त्यांना त्या रात्री, दरड कोसळलेल्या रस्त्याने, मुंबईला पाठवावं लागलं असतं. सुनेने प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली. २०१९ च्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा ईसीजी होता. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून डॉक्टरांनी एकेक लीड ताडून बघितली. तोच ब्लॉक, तीच रुंदी. छाती दाबून बघितल्यावर डाव्या सातव्या बरगडीवर नेमकं दुखत होतं. हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी केली, तीन तासांनी पुन्हा केली, रात्रभर मॉनिटरवर ठेवलं. सकाळी एक्स-रेत बरगडीला तडा दिसला. दुपारी वेदनेच्या गोळ्या घेऊन आजोबा सुनेसोबत घरी गेले.